लहानग्यांसाठी कापडी हत्ती: बेतण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

मोठी माणसं खेळणं डोळ्यांनी पारखतात. मूल ते दातांनी पारखतं, एका कानाला धरून घरभर फरफटतं आणि जेवताना वरणात बुडवतं. म्हणून लहानग्यांसाठी शिवताना खेळणं दिसेल कसं यापेक्षा ते उसवेल कुठून, हे आधी पाहावं लागतं. हत्तीच्या या जागा ठरलेल्या आहेत: कानाचं मूळ, सोंडेखालचं वळण, पोटपट्टीची दोन टोकं आणि भरण्यासाठी उघडं ठेवलेलं तोंड. या चार जागा पक्क्या असतील तर बाकी हत्ती जरा तिरपागडा झाला तरी मुलांची तक्रार नसते.

इथे दिलेला हत्ती भरून झाल्यावर साधारण २२ सेंमी लांब आणि १६ सेंमी उंच होतो आणि चार पायांवर उभा राहतो. मशीनवर हात बसलेला असेल तर दोन दुपारी पुरतात. हातानेच शिवायचा तर रोज तासभर धरून आठवडा जातो. पण हातची शिवण कच्ची असते हा समज सोडा. बारीक उलटी टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन घातलेली) घातली तर ती मशीनच्या टिपेइतकीच टिकते, आणि तळव्यांसारख्या अडनिड्या जागी मशीनपेक्षा हातच बरा.

पहिल्या प्रयत्नाला अस्वल किंवा सशापेक्षा हत्ती सोपा. त्याचा आकार बाजूने पाहिला की लगेच ओळखू येतो, त्यामुळे चेहऱ्याला वेगळे तुकडे लागत नाहीत. जर्मनीत गिंगेन इथे मार्गारेट श्टाईफ यांनी १८८० मध्ये फेल्टचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडाचा छोटा हत्ती शिवला, तो खरं तर टाचण्या टोचून ठेवायची गादी म्हणून. मुलांनी त्याचं खेळणं केलं आणि त्यातून पुढे मोठा खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. फेल्टचे धागे सुटत नाहीत, तेवढं एक सुख त्या हत्तीला होतं. सुती कापडाला ते नाही, म्हणून माया, म्हणजे शिवणीच्या बाहेरचं जादा कापड, सोडण्यात कंजुषी करायची नाही.

कापड कोणतं

घट्ट विणीचं सुती कापड घ्या: पॉपलिन, कॅम्ब्रिक किंवा धुऊन मऊ झालेलं मांजरपाट. ३६ इंची पन्ह्याचं अर्धा मीटर पुरतं, वर थोडं उरतंही. नखाने दोन धागे बाजूला सारून पाहा. सहज सरकले आणि फट राहिली तर ते कापड खेळण्यासाठी विरळ आहे, शिवणीशीच फाटेल. ताणणारं होजियरी कापड पहिल्यांदा नको. भरताना ते सगळीकडून फुगतं आणि हत्तीचा पोळीसारखा टम्म गोळा होतो.

आजीच्या सुती साडीचं खेळणं करायचं असं पुष्कळांच्या मनात असतं. कल्पना चांगलीच आहे. असं कापड मऊ असतं आणि रंग जायचा तेवढा आधीच गेलेला असतो. पण जुनी साडी जागोजागी विरलेली असते. ती उजेडासमोर धरून पाहा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी ताणून पाहा आणि ‘चर्र’ आवाज आला तर तो भाग बाजूला ठेवा. चांगला भागसुद्धा एकेरी वापरू नका. खाली पॉपलिनचं अस्तर ठेवून दोन्ही थर धावदोऱ्याने जोडा आणि मग एकच कापड समजून बेता. जर, टिकल्या, काचा असलेला भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात कुठेच नको. खणाचाही मोह होतो, पण त्याच्या कडेचे धागे भराभर सुटतात आणि गडद रंग ओला झाला की उतरतो. खण शोभेच्या हत्तीला ठेवा.

कापड नवं असेल तर कापण्याआधी कोमट पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. हे टाळलं तर पहिल्या धुण्यात कापड आटतं, आतलं फायबर तेवढंच राहतं आणि शिवणी ताणल्या जातात. रंग तपासायला ओल्या पांढऱ्या रुमालाने कापड दहा-बारा वेळा जोराने घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाळाच्या तोंडात जाण्याच्या लायकीचं नाही.

बाकीचं सामान

- कानाच्या आतल्या बाजूला आणि तळव्यांना वेगळ्या रंगाचं कापड, ३० × ३० सेंमी
- पॉलिस्टर धागा, कापडाच्या रंगाचा. सुती धागा लाळेने आणि धुण्याने लवकर कुजतो
- पॉलिस्टर फायबर १०० ते १२० ग्रॅम. उशा-गाद्यांच्या दुकानात किलोवर मिळतं
- डोळ्यांसाठी काळ्या भरतधाग्याची लडी
- मशीनची १४ नंबरची सुई, हातशिलाईची बारीक सुई आणि तोंड शिवायला एक लांब सुई
- रंगीत डोक्याच्या टाचण्या, मोजून. किती घेतल्या तो आकडा कागदावर लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे
- लहान टोकदार कात्री, टेलर चॉक, आलेख कागद, जाड पुठ्ठा

फायबरऐवजी कापूस चालेल का, हे हमखास विचारलं जातं. उशीत चालतो, मुलाच्या खेळण्यात नाही. कापूस पाणी धरून ठेवतो, वाळताना त्याचे गोळे होतात आणि पावसाळ्यात आतून बुरशीचा वास येऊ लागतो. चिंध्या भरल्या तर हत्ती विटेसारखा जड होतो. थर्माकोलचे मणी मात्र अजिबात नकोत. शिवण अर्धा सेंमी जरी उसवली तरी ते बाहेर येतात आणि मुलाच्या नाकात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकतात.

कागदी नमुना

आलेख कागदावर २४ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच चौकट आखा. डावा खालचा कोपरा म्हणजे शून्य. खाली दिलेल्या जोड्यांत पहिला आकडा उजवीकडे किती आणि दुसरा वर किती, असा वाचायचा. हत्तीचं तोंड डावीकडे आहे आणि ही सगळी रेघ शिवणीची आहे. माया नंतर सोडायची.

सोंडेचं टोक (०, ४) पासून सुरू करा. वर (१, ११), मग कपाळाची गोलाई घेत (६, १७), मानेच्या खोलगट जागी (१०, १६), पाठीचा उंचवटा (१७, १७), मागे उतरत (२४, १३) आणि तिथून सरळ खाली (२४, ०). मागच्या पायाचा तळ (२४, ०) ते (१८, ०). तिथून वर (१८, ४), पोटाची कमान (१५.५, ६) वरून (१३, ४), खाली (१३, ०). पुढच्या पायाचा तळ (१३, ०) ते (७, ०). मग वर (७, ७) आणि हनुवटीचा बिंदू (६.५, ८). या बिंदूला ‘अ’ नाव द्या. पुढे सोंडेची आतली बाजू: (५, ८), खाली (४, ४) आणि शेवटी पहिल्या बिंदूशी जोडा. मागच्या सरळ रेघेवर (२४, ८) इथे ‘ब’ लिहा. बिंदू जोडताना पायांच्या तळाखेरीज कुठेही टोक ठेवू नका, सगळी वळणं हाताने गोलसर करा. हा झाला बाजूचा तुकडा.

पोटपट्टी वेगळी काढायची नाही. बाजूच्या तुकड्यावर दुसरा कागद ठेवा आणि ‘अ’पासून खाली दोन्ही पाय, कमान घेत ‘ब’पर्यंतचा खालचा भाग जसाच्या तसा उतरवा. वर ‘अ’ आणि ‘ब’ सरळ रेघेने जोडा आणि रेघेचा मध्य एक सेंमी वर उचलून हलका बाक द्या. दोन्ही तुकड्यांची खालची कड एकच असल्यामुळे शिवताना ती आपोआप जुळते. नजरेने वेगळी पोटपट्टी आखली की एका पायाशी कापड उरतं, दुसऱ्याशी कमी पडतं आणि हत्ती लंगडा होतो.

कान सुपासारखा. गणपतीला शूर्पकर्ण म्हणतात ते आठवा, आकार चुकणार नाही. नऊ सेंमी उंच, नऊ सेंमी रुंद, एका बाजूला सहा सेंमीची सरळ रेघ, तेच कानाचं मूळ.

तळव्याचा हिशेब असा: पायाचा तळ बाहेरून ६ आणि आतून ६ सेंमी, म्हणजे घेर १२. त्याला ३.१४ ने भागलं की ३.८ सेंमी व्यास येतो. चारी बाजूंनी ६ मिमी माया धरली तर ५ सेंमीचं वर्तुळ कापायचं. पायाची रुंदी बदलली तर हाच हिशेब पुन्हा करा. अंदाजाने वाटी ठेवून आखलेला तळवा कधी बसत नाही.

नमुने पुठ्ठ्यावर चिकटवून कापा. कागदाची कड दोन वेळा आखल्यावर मऊ पडते.

कापणे

कापडाची उलट बाजू वर ठेवा. पायांची दिशा उभ्या धाग्यावर आली पाहिजे. पाय तिरक्यात, म्हणजे उरेबात आले तर भरल्यावर पिळवटतात आणि मग काही केल्या सरळ होत नाहीत. नमुन्याभोवती चॉकने रेघ मारा, ती शिवणीची. तिच्या बाहेर सगळीकडे ६ मिमी माया सोडून कापा. बाजूचे दोन तुकडे, पोटपट्टीचे दोन, कानाचे चार (दोन मूळ कापडाचे, दोन वेगळ्या रंगाचे) आणि तळवे चार. शेपटीला ४ × ८ सेंमीची एक पट्टी.

इथे एक चूक फार होते: बाजूचा एक तुकडा आखून झाल्यावर दुसऱ्यासाठी नमुना उलटा पालथा करायचा राहतो. मग दोन डाव्या बाजू हातात येतात आणि अर्धा मीटर कापड वाया जातं. पोटपट्टी आणि कान यांनाही तेच. कापड दुहेरी घालून एकदम कापलं तर ही भीती नाही, पण मग खालचा थर सरकू नये म्हणून टाचण्या जास्त लावा.

‘अ’, ‘ब’ आणि कमानीचा मध्य यांच्या खुणा सगळ्या तुकड्यांवर करून घ्या.

डोळे आधी

डोळे शेवटी काढायची चूक करू नका. कापड सपाट असतानाच भरतकाम नीट होतं आणि गाठ आतल्या बाजूला राहते. भरलेल्या हत्तीवर डोळा काढला तर गाठ लपवायला जागा नसते, आणि बाहेरची गाठ दातांनी सुटते.

डोळ्याची जागा (५, १३) च्या आसपास. सहा पदरी धाग्यातले तीन पदर घ्या, ६ मिमीचा गोल आखा, त्याच्या कडेने बारीक उलटी टीप घाला आणि मग जवळजवळ टाक्यांनी गोल भरून काढा. दोन्ही बाजूंचे तुकडे समोरासमोर ठेवून डोळे एकाच उंचीवर आहेत ना ते पाहा. दोन मिमीचा फरकसुद्धा चेहऱ्यावर कळतो.

बटणं, मणी, पॉम्पॉम हे तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला लावायचे नाहीत, कितीही घट्ट शिवले तरी. खेळण्यांच्या तपासणीत लहान सुट्या भागांसाठी एक नळकांडं वापरतात, त्याचं तोंड ३१.७ मिमी रुंद असतं. त्यात जो भाग पूर्ण मावतो तो मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. शर्टाचं बटण त्यात आरामात मावतं. मागे वॉशर असलेले प्लॅस्टिकचे डोळे ‘सेफ्टी’ नावाने मिळतात, पण त्यांच्यासाठी कापडाला भोक पाडावं लागतं. ते भोक मोठं होत गेलं की वॉशरसकट डोळा बाहेर येतो.

कान

दोन रंगांचे तुकडे सुलट बाजू आत ठेवून जोडा, मुळाची सरळ कड सोडून बाकी सगळीकडे टीप मारा. मशीनवर टाका २ मिमीचा ठेवा, म्हणजे इंचाला बारा-तेरा टाके. गोलाईवरची माया कापून ४ मिमी करा, उलटवा, इस्त्री करा. मुळाशी मधोमध एक चुणी घाला, तिच्यात एक सेंमी कापड गेलं पाहिजे. मूळ आता ५ सेंमीचं झालं आणि कानाला खोलगटपणा आला. कानात फायबर भरायचं नाही.

आता जोडणी. तयार डोक्यावर कान वरून शिवणं सोपं वाटतं, पण सगळ्यात आधी निघतात ते असेच कान. त्यापेक्षा ते टक्समध्ये, म्हणजे कापडाची चिमटी घेऊन घातलेल्या निमुळत्या शिवणीत बसवा. मानेच्या खोलगट जागेपासून (१०, १६) खाली ६.५ सेंमीची उभी चीर द्या. कान सुलट बाजूवर, चिरेच्या शेपटीकडच्या कडेला ठेवा. वेगळ्या रंगाची बाजू वर, मूळ चिरेच्या कडेशी जुळलेलं, वरची कड शिवणीच्या रेघेपासून ८ मिमी खाली. कच्चा दोरा (नंतर काढून टाकायचे लांब टाके) घाला. मग चिरेच्या दोन्ही कडा सुलट बाजू आत घेऊन जुळवा आणि कान मध्ये ठेवून ६ मिमीवर टीप मारा. कानाचं मूळ संपेपर्यंत ही ६ मिमी माया तशीच राहू द्या, मग टीप वळवत चिरेच्या टोकापुढे अर्धा सेंमी जाऊन शून्यावर आणा. तिथे बारीक चुणी पडते, ती कानाखाली झाकली जाते. दुसरी टीप पहिलीच्या बाहेर, मायेत, २ मिमी अंतरावर. या टक्समुळे डोक्यालाही थोडी गोलाई येते.

दुसऱ्या बाजूला हेच, आरशात पाहिल्यासारखं. झाल्यावर दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवा. मानेपाशी टक्स एकाच जागी आले नाहीत तर आत्ताच उसवा. पुढे पाठ शिवताना हे ओढून-ताणून जमवलं की पाठीवर मुरड पडते.

पोट आणि पाय

पोटपट्टीचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून ‘अ’–‘ब’ रेघेवर जोडायचे, पण मध्ये ७ सेंमी उघडं सोडून. दोन्ही टोकांकडून साधारण सव्वापाच सेंमी शिवण येईल. तोंडाच्या दोन्ही कडांना टीप पुढे-मागे करून पक्की करा. उलटवताना सगळा ताण तिथेच येतो. उघड्या भागाची माया आत दुमडून इस्त्री करून ठेवा, शेवटी तोंड शिवताना ही घडी रेघेसारखी उपयोगी पडते.

आता जपून करायचं काम. ‘अ’ आणि ‘ब’ या बिंदूंवर तीन-चार कापडं एकत्र येतात. टीप बिंदूपाशी थांबली पाहिजे, मायेच्या कडेपर्यंत जाता कामा नये. मायेत शिवण गेली की कोपरा उलटत नाही आणि चुणी पडते. बिंदूच्या आधी थांबली की तिथे भोक राहतं आणि त्यातून फायबर डोकावतं. म्हणून शेवटचे दोन टाके मशीनचं चाक हाताने फिरवून घाला, सुई बरोबर खुणेवर उतरवा.

पोटपट्टीची एक बाजू हत्तीच्या एका बाजूला टाचा: आधी ‘अ’, ‘ब’, कमानीचा मध्य आणि पायांचे चार कोपरे, मग मधल्या टाचण्या. तीन टिपा येतील: ‘अ’पासून पुढच्या पायाच्या तळापर्यंत, पुढच्या पायाच्या मागून कमानीवरून मागच्या पायापर्यंत आणि मागच्या पायाच्या टाचेपासून ‘ब’पर्यंत. पायांचे तळ उघडे ठेवा. कमानीवर दोनदा टीप मारा आणि मगच मायेला कातर द्या, दर ८ मिमीला एक, टिपेपासून दीड मिमी अलीकडे थांबून. कातर दिली नाही तर कमान उलटल्यावर ओढली जाते आणि पोटाखाली सुरकुत्यांचं जाळं दिसतं. कातर टिपेला लागली तर तिथे भोक ठरलेलंच. दुसरी बाजूही अशीच जोडा.

शेपटी, सोंड, पाठ

शेपटीची पट्टी लांबीत दुमडून, एक टोक बंद करून शिवा आणि उलटवा. टोकाला लोकरीचा गोंडा नको, त्याचे धागे तोंडात सुटतात. टोकाशी कापडाचीच एक गाठ पुरे. शेपटीचा फास किंवा कडं करू नका, बोट अडकतं.

दोन्ही बाजू सुलट आत ठेवून ‘अ’पासून सोंडेची आतली कड, टोक, कपाळ, मान, पाठ असं करत ‘ब’पर्यंत टाचा. ‘ब’च्या ३ सेंमी वर शेपटी आत घाला, तिचं उघडं टोक मायेच्या बाहेर एक सेंमी राहू द्या. मानेपाशी टक्सची माया एका बाजूची पुढे आणि दुसऱ्या बाजूची मागे वळवा, नाही तर सुईखाली कापडाचा ढीग होऊन टाके गाळतात.

सोंडेच्या आतल्या वळणावर, म्हणजे (५, ८) पाशी, टाका दीड मिमीचा करा आणि दोनदा शिवा. तिथे एकच कातर, पण खोल, टिपेपासून एक मिमीपर्यंत. सोंड धरूनच मूल हत्ती उचलणार, सगळा भार याच जागेवर. शेपटीवरून टीप तीनदा न्या.

तळवे

हे हातानेच करा. पायाच्या तळाला दोन शिवणी समोरासमोर येतात. तळवा चार भागांत दुमडून खुणा करा, त्यांतल्या समोरासमोरच्या दोन खुणा शिवणींशी जुळवा. पायाच्या कडेला ४ मिमी खोल बारीक कातर दिली की ती गोलाईवर पसरते. आधी कच्चा दोरा, मग दुहेरी धाग्याने दोन मिमीची उलटी टीप. तळवा मोठा वाटला तर चुण्या घालून बसवू नका, कापून लहान करा. चुण्या असलेल्या तळव्यावर हत्ती डुगडुगतो.

उलटवणे आणि भरणे

आधी सोंड आणि पाय, मग अंग, असं पोटाच्या तोंडातून बाहेर काढा. सोंडेला पेन्सिलीचं बोथट टोक वापरा, कात्री नाही. उलटवून झालं की रिकामा हत्ती उजेडासमोर धरा आणि प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणा. भोक दिसलं तर आत्ताच पुन्हा उलटवून बुजवा. भरल्यावर ते बाहेरून बुजवावं लागतं आणि दिसतं.

फायबर बोटांनी पिंजून सैल करा. सोंडेच्या टोकात सुपारीएवढे गोळे, एकामागून एक, पेन्सिलीने सरकवत भरा. नंतर पाय, मग डोकं, शेवटी अंग. मोठा बोळा एकदम कोंबला की त्याची गाठ होते आणि दोन गाठींच्या मध्ये खळगा पडतो. तो बाहेरून कितीही चोळला तरी जात नाही. नवा गोळा आधीच्या गोळ्याच्या मधोमध ढकला, बाजूला नाही, म्हणजे दोन्ही एकमेकांत मिसळतात.

मान आणि पायांचे सांधे इतर अंगापेक्षा घट्ट हवेत. मान सैल राहिली तर डोकं आठवडाभरात कलतं. पोट मात्र मऊ ठेवा, मुलाला दाबता आलं पाहिजे. भरलेला हत्ती तसाच उघडा ठेवून दुसऱ्या दिवशी पाहा. फायबर बसतं, आणखी मूठभर मावतं.

पाय फाकत असतील तर पोटपट्टी रुंद पडली आहे. या हत्तीला पोटाच्या मधल्या शिवणीवर थोडं कापड आत घेऊन बाहेरून हाताने टाके घाला आणि पुढच्या हत्तीसाठी नमुन्यातली ‘अ’–‘ब’ रेघ मध्यभागी ५ मिमी खाली आणा. पुढे झुकत असेल तर सोंड फार जड भरली आहे, थोडं काढून मागच्या अंगात घाला.

तोंड बंद करताना दुहेरी धागा, लांब सुई. गाठ आत लपवा. एका घडीत तीन मिमी सुई चालवा, समोरच्या घडीत तीन मिमी, पुन्हा इकडे. चार-पाच टाके झाले की धागा ओढा, कडा एकमेकींना चिकटतात आणि टाका दिसेनासा होतो. काहीजणी याला लॅडर स्टिच म्हणतात. तोंडाच्या दोन्ही टोकांपुढे एकेक सेंमी जास्त शिवा, परत फिरून तीच शिवण दुसऱ्यांदा घ्या, गाठ मारा, सुई अंगातून तीन-चार सेंमी लांब बाहेर काढा आणि धागा ओढून धरून कापा. टोक आपोआप आत जातं.

मुलाच्या हातात देण्याआधी

टाचण्या मोजा. लिहून ठेवलेल्या आकड्यात एक जरी कमी असेल तर हत्ती उसवायचा, दुसरा उपाय नाही. चुंबक फिरवून पाहता येतं, पण काही स्टेनलेस स्टीलच्या टाचण्यांना चुंबक धरत नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका.

मग ओढून पाहा. युरोपच्या ईएन ७१ या खेळण्यांच्या मानकात मऊ खेळण्याची शिवण ७० न्यूटन, म्हणजे जवळपास सात किलोचा ताण दहा सेकंद सोसेल अशी हवी, आणि ६ मिमीपेक्षा मोठा बाहेर आलेला भाग ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलो. घरी याची कल्पना यायला उरलेल्या कापडाचे दोन तुकडे त्याच धाग्याने, त्याच टाक्याने जोडा आणि त्यांना सात लिटर पाण्याची बादली दहा सेकंद टांगा. कापड फाटलं तर कापड बदला, टाके तुटले तर धागा किंवा टाक्याची लांबी. हत्तीचे कान, सोंड, शेपटी मुठीत धरून जोराने ओढा. मूळ थोडं जरी उघडलं तरी परत शिवायला घ्या.

बचत गटातून किंवा ऑनलाइन विकायचे असतील तर भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएस ९८७३ मानकानुसार आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा विक्रीआधी ती नोंदणी पाहून घ्या.

एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणं ठेवू नका, पाळण्यात तर नाहीच. जागं असताना, कोणी समोर असताना खुशाल द्या.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. मशीनमध्ये टाकायचा तर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा. वाळत घालताना कानाला चिमटा लावू नका, जाळीवर आडवा ठेवा आणि अधूनमधून पालथा करा. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरून कोरडा लागलेला हत्ती आतून दोन दिवस ओला राहू शकतो, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि पोट दाबून, नाक लावून वास घेऊनच परत द्या. धुतल्यावर दर वेळी कानाचं मूळ आणि पोटाचं तोंड ताणून पाहा. तिथे टाका सैल दिसला तर त्याच संध्याकाळी सुई-दोरा काढा.